अकरा मिनिटांचं ऊन

सोसायटीच्या सभेत अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "तुम्ही उद्यान खात्यात आहात ना?" आणि मी म्हणालो, "हो."

एवढंच. खरं तर मला सांगता आलं असतं की, 'हो, पण मी आवक-जावकच्या टेबलावर बसतो. झाडांविषयीचे जे कागद येतात त्यांच्यावर शिक्का मारतो. कागद लाकडापासून होतो, तेवढाच माझा झाडांशी संबंध.' पण सभा दोन तास चालली होती, पोटात कावळे ओरडत होते, आणि लांबलचक उत्तर देणाऱ्याला आमच्या सभेत आणखी तीन प्रश्न विचारतात, हा अनुभव. म्हणून नुसतं 'हो'.

"मग प्रश्न मिटला," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या निवृत्त दातांच्या डॉक्टर. (डॉक्टर निवृत्त, दात नव्हेत. दात अजून चांगले नोकरीत आहेत.) त्या 'मिटला' म्हणतात तेव्हा समोरच्याची दाढ बशीत पडलेली असते.

प्रश्न होता बोगद्याचा. आमच्या सोसायटीच्या दोन विंग आहेत, अ आणि ब. मध्ये चाळीस पावलं लांब आणि सात पावलं रुंद अशी जमिनीची पट्टी, तिलाच आम्ही बोगदा म्हणतो. दोन्हीकडे पाच-पाच मजले, त्यामुळे तिथं ऊन म्हणून येत नाही. तिथं वाळत घातलेला टॉवेल दुसऱ्या दिवशी जास्त ओला निघतो. या पट्टीवर काँक्रीट ओतून पार्किंग करावं, अशी ब विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांची मागणी होती. त्यांच्याकडे दोन गाड्या आहेत आणि त्या दोन्ही ते अशा लावतात की चार वाटाव्यात. सोसायटीत त्यांना 'डबलपार्किंग' म्हणतात (त्यांच्या पाठीमागे, आणि त्यांच्या गाडीच्याही पाठीमागे).

"तिथं काही उगवतच नाही, तर काँक्रीट का नको?" डबलपार्किंग म्हणाले.

"उगवेल," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आपल्याकडे तज्ज्ञ आहेत. पुढची सभा तीन महिन्यांनी. तोवर बोगदा हिरवा झाला तर बाग. नाही तर काँक्रीट."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तज्ज्ञ कोण, हे बघायला मीसुद्धा मागे वळून बघितलं.

घरी आलो तर बायको हसून हसून दमली. ती हॉस्पिटलात एक्स-रे काढते, त्यामुळे माणसाच्या आत काय आहे आणि मुख्य म्हणजे काय नाही, हे तिला लगेच दिसतं.

"अहो, तुम्हाला पालक आणि मेथी ओळखता येत नाही!"

"बाग म्हणजे भाजी नव्हे."

"आईला विचारा की मग. तिला झाडांतलं कळतं."

सासूबाई गुडघ्याच्या उपचारासाठी आमच्याकडे आल्या होत्या. कोपऱ्यात बसून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होत्या. त्या कुठल्याशा संग्रहालयात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाल्या, एवढं मला ठाऊक होतं. संग्रहालय म्हणजे तलवारी, नाणी, फुटकी मडकी. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण प्रकृती आणि प्रवास यांपलीकडे मी त्यांना कधी काही विचारलं नव्हतं. जावई आणि सासू यांच्यात थोडं अंतर असावं, असं माझं मत. ते मी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून पाळत असे.

"त्यांना कशाला त्रास?" मी म्हणालो. सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि कोड्यात एक शब्द भरला. पाच अक्षरी होता. कुठला ते मी विचारलं नाही.

रविवारी मी नर्सरीत गेलो आणि तिथल्या माणसाला म्हणालो, "जी सगळ्यात सुंदर दिसतात ती द्या." त्यानं दिली. लाल, पिवळी, केशरी, टपोरी फुलं. बोगद्यात ती लावली तेव्हा अख्खी अ विंग खिडकीत आली होती. मी हात वर करून सगळ्यांना अभिवादन केलं.

चौथ्या दिवशी फुलांनी माना टाकल्या. सातव्या दिवशी सगळी रोपं रस्त्याच्या दिशेनं वाकली, जणू बस येतेय का ते बघत होती. मी पाणी दुप्पट केलं. दहाव्या दिवशी ती आडवी झाली. मी खत घातलं. मग त्यांच्यावर बुरशी आली, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर लावलेल्या गोष्टींपैकी तेवढी एकच जोमानं वाढत होती.

आता पुरावा नष्ट करणं आलं. आमच्या खात्याची मोकळ्या जागा साफ करून देण्याची एक योजना आहे. मी रीतसर अर्ज लिहिला: 'सदर जागेतील मृत रोपे व अनावश्यक वाढ समूळ काढून जागा स्वच्छ करून मिळावी.' अर्जदार मीच आणि आवकचा शिक्का मारणाराही मीच. मोठ्या ऐटीत शिक्का मारला आणि कागद पुढच्या टेबलावर ढकलला. आमच्या खात्यात पुढचं टेबल म्हणजे क्षितिज. मी तो अर्ज विसरून गेलो.

दरम्यान अध्यक्षबाई विचारायला लागल्या, "बाग काय म्हणते?" बाग काहीच म्हणत नव्हती, म्हणून मी एक उपाय काढला. (मला उपाय सुचला की बायको आधी गॅस बंद आहे का ते बघते.) ऑफिसच्या स्वागतकक्षात नवं फर्निचर येणार होतं आणि जुनी प्लास्टिकची झाडं टाकून देणार होते. त्यांतली सहा मी घरी आणली आणि मेलेल्या रोपांच्या मध्ये मध्ये खोचली.

परिणाम जबरदस्त झाला. अध्यक्षबाई रोज सकाळी झारी घेऊन त्यांना पाणी घालू लागल्या.

"बघा, कशी तग धरून आहेत!" त्या डबलपार्किंगना म्हणाल्या. "पंधरा दिवसांत एक पान पडलेलं नाही."

"वाढलीही नाहीत," डबलपार्किंग संशयानं म्हणाले.

"मुळं धरतायत," मी म्हणालो.

त्या संध्याकाळी सासूबाई काठी टेकत प्रथमच बोगद्यात आल्या. आमचं घर तळमजल्यावर, स्वयंपाकघराचं दार बोगद्यातच उघडतं. त्यांनी एका झाडाजवळ जाऊन पान चिमटीत धरलं, सोडलं आणि बोटं पदराला पुसली.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "या झाडावर धूळ बसते. माशी बसत नाही."

मी रुमाल काढून ती धूळ पुसायला लागलो.

"एक खुर्ची आणून द्याल? आणि खडू. मुलीला सांगू नका, ती गुडघ्यावरून ओरडेल."

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई बोगद्यात खुर्ची टाकून बसायला लागल्या. समोर घड्याळ, हातात खडू. अर्ध्या-अर्ध्या तासानं उठून त्या जमिनीवर किंवा भिंतीवर एक रेघ ओढत आणि पुन्हा बसत. मधूनच वर बघत, पुटपुटत. चौथ्या दिवशी दोन्ही भिंती कैद्याच्या कोठडीसारख्या रेघांनी भरल्या. मला काळजी वाटायला लागली. वय झालं, एकटेपणा, त्यात गुडघा. बायकोला कसं सांगावं, याच्या तयारीत मी होतो, तेवढ्यात त्या फोनवर बोलत होत्या ते ऐकलं.

"हो, हो, आठवते की! जुन्या बस डेपोच्या मागच्या भिंतीला होती... मान खाली घातलेली, अंगावर लव... नाही गं, ती मेली. मीच चिकटवली तिला कागदावर. तिच्या दोन बहिणी पण माझ्याकडेच होत्या, कपाटात... डेपो पाडतायत? मग लवकर जायला हवं. मुळासकट काढायच्या. ओल्या फडक्यात गुंडाळून आणू... जावई आहे ना, तो उचलेल."

मी दाराला धरून उभा राहिलो. चौदा वर्षं मी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो ते किती शहाणपणाचं होतं, हे तेव्हा पटलं.

"आई," मी दारातूनच म्हणालो, "तुम्ही... कोणाला चिकटवलंत?"

"कोणाला म्हणजे? हजारो चिकटवल्या. तीस वर्षं तेच तर काम."

"संग्रहालयात?"

"हो. वनस्पती संग्रहालय. तुम्हाला काय वाटलं, तलवारींना धार लावत होते?"

(वाटलं होतं. अगदी धार नाही, पण जवळपास.)

मग त्यांनी सांगितलं. अभ्यासक मंडळी रानावनातून, पडक्या भिंतींतून, नाल्यांच्या कडेनं या प्रदेशातली झाडं गोळा करून आणत. सासूबाई ती दाबून वाळवत, जाड कागदावर चिकटवत आणि खाली लेबल लिहीत: नाव, कुठं सापडलं, कधी, जमीन कशी, ऊन किती. 'दाट सावली, ओलसर दगड.' 'उत्तरेची भिंत, कोरडी माती.' अशी तीस वर्षांत हजारो लेबलं. ती सगळी त्यांना पाठ होती.

"पण एक सांगू का," त्या म्हणाल्या, "मी बसायचे आतल्या खोलीत. माझ्यापर्यंत झाड यायचं ते चपटं होऊन. हिरवं म्हणून लिहायचे, ते तपकिरी बघून. यांतली निम्मी तरी मी जिवंत अशी कधी बघितलीच नाहीत."

आणि सोफ्याचं अंतर वगैरे सगळं एकदम मला फार बावळटपणाचं वाटलं.

त्यांनी खडूच्या रेघा मला समजावून दिल्या. मी आयुष्यभर सावली म्हणजे ऊन नसणं, एवढंच समजत होतो. सासूबाईंनी चाळीस पावलांत चार सावल्या काढून दाखवल्या. गळक्या पाइपाखालची ओली सावली. जिन्याखालची कोरडी ठणठणीत सावली. रस्त्याच्या तोंडाशी होती ती उजेडाची सावली, तिथं ऊन नाही पण आभाळ दिसतं. आणि मधला भाग, जिथं दोन्हीकडच्या बाल्कन्यांमुळे आभाळसुद्धा दिसत नाही.

"तुम्ही फुलं बघून झाडं आणलीत," त्या म्हणाल्या. "आधी जागा बघायची असते. जागेला विचारायचं, तुझ्याकडे काय आहे? मग त्यात भागवणारं कोण ते शोधायचं. इथलंच, इथल्या मातीत पिढ्यान् पिढ्या सावलीत राहिलेलं. त्याचं पान बघा, रुंद, पातळ, गर्द. थोडासा उजेड मिळाला तरी ओंजळ मोठी."

शनिवारी बायकोला घेऊन आम्ही तिघं जुन्या बस डेपोवर गेलो. सासूबाईंनी पाडकामाच्या मुकादमाची परवानगी आधीच घेतली होती. सोमवारी भिंत पडणार होती, त्यामुळे "काय न्यायचं ते न्या, बाई" असं तो म्हणाला होता, पण आम्ही भिंतीवरचं गवत न्यायला आलोय, हे कळल्यावर त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सगळं ठीक आहे ना घरी?"

डेपोची मागची भिंत म्हणजे मी ज्याला शेवाळलेली घाण म्हटलं असतं तशी. सासूबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि हातातली काठी खाली पडली ते त्यांना कळलंही नाही.

"हंसराज," त्या म्हणाल्या. "अगं बाई, किती हिरवा आहे हा! आणि देठ बघ कसा काळाभोर. मी 'देठ काळसर' लिहायचे गं!"

बायकोनं आईचा दंड धरला. पहिल्यांदाच मला दिसलं की त्या दोघी सारख्याच दिसतात, आश्चर्य वाटलं की. पुढचे तीन तास सासूबाई नुसत्या बोटानं दाखवत होत्या आणि आम्ही काढत होतो. नेचे, हंसराज, चौथऱ्यामागची रानहळद, अबोलीची दोन रानटी झुडपं, आणि एक मान खाली घातलेली, अंगावर लव असलेली वेल. तीच ती फोनवरची. आम्ही दोन बादल्या आणि कपड्यांचा टब भरून ओल्या फडक्यांत गुंडाळलेली झाडं घेऊन बसनं घरी आलो. टब माझ्या मांडीवर होता. शेजारच्या बाईंनी उठून मला खिडकी दिली. बाळंतिणीला देतात तशी.

लावणी दोन दिवस चालली. हंसराज पाइपाखाली. जिन्याखालच्या कोरड्या जागेत नेच्यांची काटक जात. रस्त्याच्या तोंडाशी अबोली. मध्ये रानहळद आणि आणखी नेचे. मी खड्डे खणले. (पहिले तीन चुकीच्या जागी. चौथा पाण्याच्या नळीवर.) प्लास्टिकची झाडं मी गुपचूप काढली तेव्हा अध्यक्षबाई हळहळल्या, "चांगली जगली होती हो!"

आणि मग रोपं लागली. चमत्कारासारखी नव्हे, हळूहळू. रोज सकाळी सासूबाई काठी घेऊन चाळीस पावलं जात आणि चाळीस पावलं येत. एके दिवशी काठी घरीच राहिली. डॉक्टरांनी गुडघा बघून विचारलं, "कुठला व्यायाम करता?" सासूबाई म्हणाल्या, "नेचे बघते." मीसुद्धा ऑफिसला जाण्यापूर्वी बोगद्यातून चक्कर मारायला लागलो. नेच्याचं नवं पान घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं येतं आणि रोज एकेक वेढा सोडतं, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. मी ते ऑफिसात सांगितलं. कोणी ऐकलं नाही, पण मी सांगितलं.

सभेला एकोणीस दिवस होते. मी टेबलावर बसलो होतो. पलीकडच्या टेबलावरचे हेडक्लार्क हसत हसत आले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तुमचं काम करून टाकलं हं सकाळीच! घरचा माणूस म्हणून खास नंबर वर घेतला."

"कुठलं काम?"

"तुमचा अर्ज! समूळ स्वच्छ. दोन माणसं आणि कटर पाठवलं होतं. एकदम चकाचक."

बावीस वर्षांच्या नोकरीत खात्यानं वेळेत केलेलं पहिलं काम, आणि ते माझं! मी चहा तसाच टाकून घराकडे पळत सुटलो.

बोगदा खरंच चकाचक होता. चाळीस पावलं दाढी केल्यासारखी. कापलेला पाला एका कोपऱ्यात नीट रचून ठेवला होता. सासूबाई सकाळी गुडघ्याच्या व्यायामाला दवाखान्यात गेल्या होत्या, त्या नुकत्याच परत येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलायला माझ्याकडे तीन-चार चांगल्या कल्पना होत्या. डबलपार्किंगवर कोणीही विश्वास ठेवला असता. पण त्यांच्याकडे बघून ते तोंडातून निघेना.

"मी," मी म्हणालो. "म्हणजे 'समूळ काढा' हा अर्ज माझा. माझी फुलं मेली तेव्हा दिला होता. मागे घ्यायचा राहिला. आई, मी..."

त्या खाली उतरल्या, बसल्या, त्या गुडघ्यानं चक्क जमिनीवर बसल्या, आणि कापलेल्या देठाशी माती बोटांनी उकरू लागल्या. बराच वेळ. मी शिक्षा ऐकायला उभ्या असलेल्या पोरासारखा हात मागे बांधून उभा.

"त्या अर्जात 'समूळ' लिहिलं होतंत ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तुमच्या खात्यानं नुसतं वरवर कापलंय. मुळं तशीच आहेत." त्यांनी हात झटकले. "नशीब, काम सरकारी झालं. उठवा मला."

मी उठवलं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. "सावलीतली झाडं ही. यांना थोडक्यात भागवायची सवय असते. येतील."

त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी जाड कागद मागवला आणि लेबलं लिहायला घेतली. बोटं वाकडी झालेली, पण अक्षर छापल्यासारखं. प्रत्येक झाडाला नाव, कुठं सापडलं, कुठली सावली, कोणी आणलं. खाली एक जादा ओळ: 'इजा: यंत्राने, जावयाच्या अर्जावरून.' तेवीस लेबलांवर. मी ती तेवीसही प्लास्टिकमध्ये घालून खुंट्यांना बांधली.

सभेचा दिवस उजाडला तेव्हा बोगद्यात होते ते चार-चार बोटं उंचीचे कोंब. मला ते लाख मोलाचे वाटत होते, पण लांबून बघणाऱ्याला तिथं काहीच नव्हतं. सभा मुद्दाम तिथंच भरवली होती, संध्याकाळी चार वाजता. माणसं खुर्च्या घेऊन आली.

"ही बाग?" डबलपार्किंग म्हणाले. "याला आमच्याकडे गवत म्हणतात. तेसुद्धा कापलेलं. काँक्रीटचा ठराव मांडतो."

अध्यक्षबाईंनी माझ्याकडे बघितलं. "तज्ज्ञ काय म्हणतात?"

आता मात्र मी ते तीन महिन्यांपूर्वीचं अपुरं वाक्य पूर्ण केलं. "मी तज्ज्ञ नाही. मी आवक-जावक क्लार्क आहे. फुलं मी मारली, तुम्ही पाणी घातलंत ती झाडं प्लास्टिकची होती, आणि ही बाग मीच कापवली. पण ती लावली माझ्या सासूबाईंनी, आणि त्यांना इथल्या प्रत्येक मुळाचं नावगाव माहीत आहे. तुम्ही त्यांना विचारा."

अध्यक्षबाई 'प्लास्टिक' या शब्दावर अडकल्या होत्या. त्यांचा उजवा हात चिमटा धरल्यासारखा झाला. पण तेवढ्यात सासूबाई पुढे आल्या आणि घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "दोन मिनिटं थांबा."

सगळे थांबले. का, ते कोणालाच माहीत नव्हतं. चार वाजून बारा मिनिटांनी ब विंगच्या तिसऱ्या मजल्यावर काहीतरी चमकलं, आणि उन्हाचा एक चौकोन सरळ बोगद्याच्या मधोमध उतरला. कोंब एकदम पोपटी झाले. नेच्यांचे गुंडाळलेले शेंडे आतून पेटल्यासारखे दिसले. एका खुर्चीतून कोणीतरी "अरे!" म्हणालं.

"अ विंगच्या टाकीशेजारून सुटलेलं ऊन," सासूबाई म्हणाल्या, "साहेबांच्या बाल्कनीच्या काचेवर पडतं आणि तिथून इथं येतं. या दिवसांत अकरा मिनिटं. मी रोज मोजलंय. मधली सगळी रांग मी या अकरा मिनिटांच्या हिशोबानं निवडली." मग त्या डबलपार्किंगकडे वळल्या. "कापली गेल्यावर ही रांग सगळ्यांच्या आधी फुटली. तुमच्या उन्हावर."

डबलपार्किंग वर आपल्या काचेकडे बघत राहिले. मग खाली उन्हाकडे. मग पुन्हा वर. त्यांना आयुष्यात लोकांनी पुष्कळ गोष्टी बोलून दाखवल्या असतील, पण 'तुमचं ऊन' असं कोणी म्हटलं नव्हतं.

"म्हणजे हे माझ्याकडून येतं?"

"सगळं."

ते खुर्चीतून उठले आणि उकिडवे बसून लेबलं वाचू लागले. एक, दोन, पाच. बाकीची मंडळीही वाकली. अकरा मिनिटं अख्खी सोसायटी ओणवी होती. तिसऱ्या लेबलानंतर सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले, त्या जादा ओळीमुळे, पण ते मी सोसलं.

ऊन सरकून गेल्यावर डबलपार्किंग उठले.

"ती काच... तशी मळलीय जरा. पुसून घेतली तर?"

"तर उजेड आणखी लख्ख," सासूबाई म्हणाल्या.

काँक्रीटचा ठराव कोणी मांडलाच नाही. आता डबलपार्किंग रोज साडेतीनला बाल्कनीत फडकं घेऊन उभे असतात आणि एक गाडी त्यांनी मेहुण्याला देऊन टाकली. बोगद्यात नेचे गुडघ्याला लागतात. अंगावर लव असलेली ती वेल जिन्यावर चढली आणि तिला फूल आलं. सासूबाईंनी ते बघितलं, बराच वेळ बघितलं आणि मला म्हणाल्या, "लेबलावर फिकट जांभळा लिहिला होता मी. चुकलेच. हा वेगळाच रंग आहे." त्यांना त्या रंगाला शब्द सापडला नाही. शब्दकोडी सोडवणाऱ्या बाईला! मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी ऑफिसात सगळ्यांना एकेक करून गाठलं आणि या वेळी ऐकायला लावलं.

शेवटी ते आमच्या मोठ्या साहेबांच्या कानावर गेलं. ते स्वतः बोगदा बघून गेले. शहरात अशा जागा ढिगानं: पुलांखाली, हॉस्पिटलांच्या चौकात, उंच इमारतींच्या मागे. तिथं लावलेलं सगळं मरतं, आणि का मरतं ते कोणाला कळत नाही. सासूबाईंना खात्याच्या सल्लागार म्हणून बोलावणं आलं. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी. पत्रावर जावकचा शिक्का मी मारला, इतक्या जोरात की टेबलावरची शाई उडाली. आणि त्यांनी साहेबांना एकच अट घातली: सोबत जावई हवा.

मी भारावून गेलो. बायकोला म्हणालो, "बघ! एवढ्याशा अनुभवात त्यांनी माझ्यातला गुण हेरला." नवी टोपी घेतली. वही घेतली. पहिल्या दिवशी आम्ही एका पुलाच्या कडेला गेलो. सासूबाईंनी खात्याच्या माळीणबाईंना झाडं कशी निवडायची ते समजावून सांगितलं, रोपं लावून घेतली. मी वही उघडून, गंभीर चेहऱ्यानं शेजारी उभा. दुपारी पुलाच्या कडेनं ऊन आत घुसलं, तसं त्यांनी मला हात धरून रोपांच्या पुढ्यात नेऊन उभं केलं. मला वाटलं, आता माझं मत विचारणार. मी वहीचं पान उलटलं.

तासाभरानं माळीणबाईंनी न राहवून विचारलं, "बाई, हे साहेब कशासाठी आलेत?"

"सावलीसाठी," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "नवी रोपं आहेत, पहिले चार दिवस जपावी लागतात. यांचा आडवा बांधा फार चांगला आहे, आणि काही सांगितलं नाही तर हे हलत नाहीत. ऊन पुढे गेलंय बघा, त्यांना जरा डावीकडे सरकवा."